मृगाचा बहार, डुलणीच्या शोधासाठी

मी, जिजाबाई चंपतराव ढोमणे, वय अदमासे बाहत्तर, राहणार महाल, नागपूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्या दडपणाशिवाय हे सांगते. अक्षर मला येत नाही. कृष्णकांत वकील लिहितात आणि वाचून दाखवतात. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. आमच्या घरात तो लागतो.

आमच्या घरच्या रोगाला आम्ही डुलणी म्हणतो. चाळिशीच्या सुमारास हातपाय आपोआप डुलू लागतात, मग बोलणे जाते, मग माणूस. नणंद भागीरथा डुलली तेव्हा लोकांना वाटले, अंगात देवी आली. तिला पाटावर बसवून नारळ फोडले. माझे यजमान डुलले तेव्हा तेच लोक म्हणाले, दारू. त्यांनी जन्मात सुपारी खाल्ली नव्हती. तिसरा माझा मुलगा मधुसूदन. तोवर लोकांचे नारळही संपले होते.

१. काटोलची संत्र्याची बाग माझी नात, मधुसूदनची मुलगी उत्तरा हिला. वर्षाच्या दोन बहारांपैकी आंबिया बहार तिचा. मृगाच्या बहाराचे उत्पन्न दरसाल मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या डॉ. शामला देशकर यांच्याकडे डुलणीच्या शोधासाठी जावे. बापाला असला तर पोरीला हा रोग येण्याची शक्यता निम्मी, असे त्या सांगतात. उत्तरा सव्वीसची आहे. दोन स्थळे तिने परत पाठवली. म्हणते, "आजी, अर्धी खात्री घेऊन कोणाच्या घरी जाऊ?"

२. विहिरीतला माझा हिस्सा दीर नत्थूजी यांना. पण डॉक्टरीणबाईंना त्यांनी रक्त दिल्यावरच. घरातल्या सगळ्यांचे रक्त ताडून पाहिल्याशिवाय शोध सरकत नाही. ते म्हणतात, "वहिनी, रक्त देल्लं तर पोरींच्या सोयरिकी तुटतीन." भाऊजी, सख्ख्या भावाला दारुडा म्हणताना सोयरिकी कुठे होत्या? वकील म्हणाले, "आजी, हा सवाल कायद्यात बसत नाही." मी म्हटले, "बसत नसंल तर उभा राहू दे गा."

३. भागीरथेचा पाट डॉक्टरीणबाईंना. त्यावर एक घाबरलेली बाई बसत असे, एवढे त्यांनी शिकायला येणाऱ्यांना सांगावे.

४. उत्तराच्या रक्तात काय निघाले, हे तिने स्वतः विचारल्याशिवाय तिला कोणी सांगू नये.

५. अलीकडे डोळा लागला की मी बागेत असते. झाडे डुलत असतात, खाली ते तिघेही. मग वारा पडतो. झाडे थांबतात, आणि तिघेही थांबतात. मधू एक संत्रे घेऊन सोलतो. साल अखंड उतरते.

जागेपणी संत्रे मला उत्तरा सोलून देते. मी तिच्या बोटांकडे बघते, हे तिला ठाऊक आहे. म्हणून ती मुद्दाम सावकाश सोलते.

माझ्या तेरवीला पंगत नको. आल्या माणसाला एकेक संत्रे द्यावे. उत्तरा सोलायला बसली की कोणी तिच्या हातांकडे पाहू नये. माझे पाहून झाले आहे.

वाचून दाखवले, माझेच बोलणे आहे.

निशाणी डावा अंगठा : जिजाबाई चंपतराव ढोमणे

साक्षीदार, ज्यांच्यादेखत अंगठा उठवला :
मार्तंड रामाजी उमाळे (सही)
इंदूबाई गिरिधर काळमेघ (सही)

नागपूर, दिनांक १५ फेब्रुवारी १९८४