चीर नसलेलं पोट

बाबा, आपल्या धाकट्याला परवा दवाखान्यातून घरी आणलं. पनवेलच्या फ्लॅटमध्ये; तुम्ही तो पाहिलेला नाही. पित्ताशयातला खडा सरकला, स्वादुपिंड सुजलं, आणि मग त्याचा बराच भाग आतल्या आत मेला. तुम्हाला झालं होतं तेच. तेव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं. पोटात पू झालाय, एवढंच मोठी माणसं बोलत. तुमचं पोट उघडलं, पुन्हा उघडलं, आणि शेवटी ते शिवलंच नाही. आई रोज त्यावरची ओली पट्टी बघत बसायची. तुम्ही घरी आला नाहीत.

त्यामुळे धाकट्याच्या डॉक्टरबाई "आता थांबायचं" म्हणाल्या, ते आईला पटेना. धाकटा तापाने फणफणलेला, पोट तट्ट फुगलेलं, नाकात नळी. "थांबायचं म्हंजे? बघत बसाया ह्यो काय तमाशा हाय?" बाई रागावल्या नाहीत, समजावू लागल्या. मेलेला भाग अजून जिवंत भागाला चिकटून आहे, आत्ता हात घातला तर रक्त थांबणार नाही. शरीर स्वतःच त्याच्याभोवती एक भिंत तयार करतं. ती पक्की झाली की तोंडातून दुर्बिणीची नळी जठरात उतरवायची, तिथून पलीकडे वाट करायची, पू वाहू द्यायचा, आणि मेलेलं थोडं थोडं ओढून काढायचं. पोटावर सुरी लागणार नाही.

आई माझ्याकडे बघते. मला तुमचं मिठागर दिसतं. मी लहान आहे. वाफ्यावर पांढरी साय आलेली पाहून लांब दांड्याची फळी ओढतो, आणि मिठाबरोबर काळा चिखल वर येतो. सगळा वाफा नासला. तुम्ही मारलं नाहीत. फळी माझ्या हातातून काढून घेतलीत. "वर पांढरं दिसलं म्हनून वडायचं नसतं. खाली चिखल हाय. मीठ धरू दे." मग बांधावर बसलात, आणि मीही तुमच्या शेजारी बसलो. त्या जागेवर आता कंटेनरचं गोदाम आहे. धाकटा तिथेच कामाला जातो.

आईला मी तुमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "आमचे मानूस असंच बोलायचे. थांबा तुमी."

थांबणं सोपं नव्हतं. त्याला पुन्हा ताप चढला की वाटायचं, मीठ वेगळं आणि माणूस वेगळा, मी कशाला बोललो. पण भिंत धरली. दुर्बीण उतरली, एकदा नव्हे, बऱ्याचदा. ताप उतरला. डोळे उघडून धाकटा डॉक्टरबाईंना म्हणाला, "तोंडातून एवढी नळी घातलीत, आता थोडा भात घाला की." बाई हसल्या. आई हसली नाही.

तिने त्याची चादर बाजूला केली, सदरा वर सारला आणि पोटावरून तळवा फिरवला. वरपासून खालपर्यंत, मग कुशीकडे. कुठेच काही लागलं नाही. "खरंच कापलं नाय," ती म्हणाली. आणि रडू लागली. मला वाटलं, सुटकेचं रडणं असेल. तिने माझ्याकडे न बघता विचारलं, "तवा ही नळी नवती का रं?"

"नव्हती," मी म्हणालो.

"मंग काय इलाज," म्हणत तिने सदरा नीट केला. त्यानंतर तिने तुमचं नाव काढलेलं नाही. आज तिने धाकट्याला मऊ भात भरवला आणि स्वतःही पोटभर जेवली.

हे लिहिलेलं तिला वाचून दाखवायचं मनात होतं. दाखवणार नाही. 'नव्हती' म्हणालो खरा, पण मला ते ठाऊक नव्हतं. तेव्हा डॉक्टरबाई दारातच उभ्या होत्या. त्यांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.