बर्फाखालचा फुलोरा

प्रिय ठके,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण जर्दाळू यंदा वेळेआधीच फुलले आणि तेव्हापासून आमचा जीव टांगणीला लागलाय. दुपारी शर्ट पाठीला चिकटेल इतकं ऊन, आणि पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी. गेल्या वर्षी एक फळ धरलं नाही. यंदाही फुलोरा गेला तर बाग काढून टाकायची, असं ठरवून बसलोय. मी दिवसातून दहादा वर बघतो. तुझी वहिनी म्हणते, आभाळात काय लिहिलंय ते मलाही वाचून दाखवा.

सोमवारी रोपवाटिकेवाला आला होता. त्याने फूल नखाने चिरून दाखवलं. मधला दाणा हिरवा असला तर जीव आहे, काळा पडला की संपलं. तेव्हापासून मी उठल्यासुटल्या फुलं चिरत हिंडतो. वहिनीने दम भरला, थंडीतून वाचतील ती तुमच्या नखांनी जातील. तुझा गुडघा कसा आहे? मुलाकडे राहतेस म्हणून चारचारदा जिने चढू नकोस. नातवंडांना खाली पिटाळत जा, त्यांचे पाय अजून कोरे आहेत.

तू लिहिलंस, डिझेल आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा, माझ्यासारखा घोळ घालू नका. ते वाचून पत्र घडी करून ठेवलं ते दोन दिवस उघडलं नाही.

गुरुवारी पहाटे पारा शून्याखाली गेला. ही पद्धत मी पुस्तकात वाचली, पण नळ तू जोडलेस, तेव्हा तुला काय सांगायचं. इंजिन लावून झाडांवर पाणी उडवत राहायचं आणि फुलांवर बर्फ चढू द्यायचा. पाणी पडत असतं तोवर आतलं फूल तगतं. मध्येच थांबलं की तोच बर्फ त्याला मारतो. उन्हाने बर्फ आपणहून गळेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही. पण ते बघवत नाही गं. फांद्या जमिनीला टेकल्या, विहिरीजवळची एक कडकन मोडली आणि माझा हात इंजिनाकडे गेला. वहिनीने विचारलं, काय करताय? काही नाही म्हटलं, दोन्ही हात खिशात कोंबले आणि नऊ वाजेपर्यंत तसाच उभा राहिलो. दुपारी फुलं चिरली. ओढ्याकडच्या दोन ओळी काळ्या, बाकी सगळी हिरवी. वहिनी बांधावर बसून रडली. मला मात्र आनंद होईना.

कारण गेल्या वर्षीही अशीच फांदी मोडली होती. तू ओढ्याकडे तुंबलेला नळ मोकळा करायला गेली होतीस. मला झाडांची दया आली. फटफटलंय, आता काय होतंय, म्हणून मी इंजिन बंद केलं. तू धावत आलीस, आणि मी काही बोलायच्या आत तूच म्हणालीस, दादा, डिझेल संपलं वाटतं, मीच कमी भरलं. टाकी अर्धी भरलेली होती, ठके. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. पुढे फुलं काळी पडली, वहिनी तुला नाही नाही ते बोलली, आणि माझ्या तोंडाला कुलूप. वीस वर्षं या बागेत राबलेली तू महिन्याभरात पिशवी भरून निघालीस. फाटकापर्यंत तुला सोडायला आलो, तेव्हाही हवापाण्याचंच बोललो.

काल वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मी बोलले त्याचं मी बघेन, तुमचं तुम्ही लिहा. म्हणून हे पत्र. वर्षभर तू प्रत्येक पत्रात माफी मागत आलीस, आणि मी दर वेळी मोठ्या मनाचा आव आणून लिहीत आलो की झालं गेलं, विसरून जा. ती माझी पत्रं ठेवली असलीस तर फाडून टाक. हे मात्र मुलाला, सुनेला, सगळ्यांना वाचून दाखव. आणि विसरू नकोस.

तुझाच,
दादा