योग्य झाड मिळेपर्यंत

गुरुवार, ८ ऑगस्ट. संध्याकाळ.

ठरलं. या शनिवार-रविवारी ॲडेलला लग्नाचं विचारायचं. विचारायचं म्हणजे आपलं रीतीपुरतं. उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे. सहा वर्षं ही बाई दर शुक्रवारी माझ्याबरोबर तळलेले मासे खायला येते, ते काय माशांसाठी?

घाईचं कारण तिची बहीण. ती राहते स्पोकेनला, इथून गाडीनं अख्ख्या दिवसाची वाट. तिनं तिथं ॲडेलसाठी स्कूलबस चालवायची नोकरी बघून ठेवलीय, शेजारचं घरही बघितलंय. घरमालकाला रविवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. ॲडेलनं गेल्या शुक्रवारी हे सगळं सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी विचारलं, भाडं काय पडतं? मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. डोळे थकले असावेत. दिवसभर बस चालवते बिचारी.

हे मी तेव्हाच, मासे खाता खाता विचारू शकलो असतो. पण मर्ल फगुंडिस म्हणजे कोणी ऐरागैरा नाही. फॉर्च्युना गावात टायरचं दुकान आहे माझं. असली गोष्ट रेडवूडखाली व्हायला हवी. नदीकाठी, शेकोटीशी. हजार-दोन हजार वर्षांच्या झाडाखाली उभं राहून बाईमाणसाला नाही म्हणताच येत नाही. आणि स्मिथ नदीवरची तंबू ठोकायची एक साइट कोणीतरी ऐनवेळी सोडली, ती मला मिळाली. ऑगस्टात. देव पावला म्हणायचा.

भाषण पाठ आहे. आरशासमोर म्हणून बघितलं. मलाच गहिवरून आलं.

मी मुरलेला कॅम्पर आहे हे ॲडेलला सहा वर्षं सांगत आलोय. तसा मी आहेच. फक्त अलीकडे जाणं झालेलं नाही. अलीकडे म्हणजे शाळेत होतो तेव्हापासून.

तंबू चुलतभाऊ लायलकडून आणलाय. मोठा आहे. आठ माणसं झोपतात म्हणाला.

शुक्रवार, ९ ऑगस्ट. दुपार, साइटवर.

काय ती झाडं! वर बघताना टोपी पडली. दोनदा.

लायलच्या तंबूत काठ्या नाहीत. एकही नाही. आठ माणसं झोपतात ती बहुधा नुसती कापडावर. त्याला फोन करून चार शब्द सुनवावेत तर इथं रेंज नाही. मी पिशवीवरच्या सूचना वाचेपर्यंत ॲडेलनं आपला छोटा तंबू उभारला, खुंट्या ठोकल्या आणि कॉफी ठेवली. मी तिला करू दिलं. बायकांना आपण कामाचे आहोत असं वाटायला हवं.

मी गाडीत झोपणार. पाठीला सीटच बरी, हे मी आधीपासून म्हणतोय.

दुपार ४.

विचारण्यासाठी झाड शोधायला म्हणून दोघं फिरून आलो. पहिलं झाड आतून जळून पोकळ झालेलं. आत उभं राहिलो तर बोलणं घुमलं असतं छान, पण वास. दुसऱ्याला तीन माणसं मिठी मारून फोटो काढत होती, हटेनात. तिसरं जरा बारीक. ॲडेल त्याच तिसऱ्याला टेकून बसली आणि म्हणाली, हे छान आहे की, सावली आहे, कोणी नाही. मी म्हटलं, ॲडेल, हे मध्यम आहे. यापेक्षा मोठी आहेत.

ती उठली, पॅन्ट झटकली आणि चालायला लागली. मला झाडांची पारख आहे हे तिला आवडलेलं दिसतं.

संध्याकाळ.

बेत बदलला. झाड उद्या, आज नदी. सूर्य मावळताना, हिरव्या पाण्याकाठी.

पाणी फार गार आहे असं ॲडेल म्हणाली. मी म्हटलं, गारठा सगळा मनात असतो. आणि बूट-पॅन्टसकट उतरलो, तिला दिसावं म्हणून. गारठा मनात नसतो. गारठा पोटरीत असतो. पेटका असा आला की मी जे काही ओरडलो ते पलीकडच्या काठावरच्या कुटुंबानं आपल्या मुलांचे कान झाकून ऐकलं. उजवा बूट नदीनं नेला. माझ्या डोळ्यांदेखत, ऐटीत, समुद्राकडे.

ॲडेल गोट्यांवर बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग गाडीतून तिनं आपला जादा गमबूट आणला. पिवळा. माझ्या पायाला जेमतेम बसतो. मग शेजारचे गोटे हातानं सारखे करून म्हणाली, बस इथे जरा.

मी बसलो. ऊन झाडांच्या शेंड्यांवर होतं. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला.

इथं कोणी म्हणेल, अरे मग विचारायचं की. पण एका पायात पिवळा गमबूट घालून? ही आठवण आयुष्यभर सांगितली जाणार आहे. शोभा नको का राहायला? उद्या.

शनिवार, १० ऑगस्ट. सकाळ.

धुकं. झाडांवरून थेंब पडतात ते थेट मानेत. पाठ गेली. सीटला दोष देत नाही.

न्याहारी मी करणार म्हणून जाहीर केलं. पॅनकेक आणि लिंग्विसा, म्हणजे आमची पोर्तुगीज मसालेदार सॉसेज, माझ्या आईच्या पद्धतीनं परतलेली. बेत असा की तिनं पहिला घास घेतला की विचारायचं. आधी पोटातून जावं, मग मनात शिरावं.

पहिला घास निळ्या पक्ष्यानं घेतला. तुरेवाला, दांडगट. दुसरा घास त्याच्या मेव्हण्यानं. म्हटलं यांना बाजूला काढू, म्हणून एक पॅनकेक लांब भिरकावला. तो जाऊन पडला रेंजरबाईंच्या बुटांपाशी.

रेंजर टॅमसिन. चष्मा लावते, हसत नाही. म्हणाली, इथं कण सांडायचा नाही हे फाटकावर लिहिलंय. कण सांडला की हे निळे जमतात, आणि जमले की वर झाडाच्या माथ्यावर समुद्रावरून येऊन अंडं घालणारा जो बिचारा छोटा पक्षी आहे त्याचं अंडं फोडून खातात. पक्षी एकच अंडं घालतो वर्षाला. मी म्हटलं, एकच? मग त्यानं जागा जरा नीट बघून घालावं. ॲडेलनं मला कोपरानं ढोसलं.

शेवटी तिनं मला सहलीला आलेल्या पोरांच्या रांगेत उभं केलं आणि हात छातीवर ठेवून शपथ घ्यायला लावली की मी कण सांडणार नाही. मोठा माणूस मी एकटाच. शपथ मात्र सर्वांत खणखणीत माझीच झाली.

भूक लागलीय. लिंग्विसा सगळी गेली.

दुपार.

झाड सापडलं! असं झाड की लायलच्या तंबूतली आठ माणसं हात धरून उभी राहिली तरी वेढा पडायचा नाही. पण त्याच्याखाली आधीच लग्न चाललं होतं. दुसऱ्या कोणाचं तरी. नवरी अनवाणी, नवरा रडतोय, एक माणूस तंतुवाद्य कुरकुरवतोय.

ॲडेल कडेला उभी राहून बघत होती. तिचेही डोळे भरले. मी तिच्या कानात म्हटलं, खुर्च्या मांडून झाडाची रया घालवली बघ या लोकांनी. ती म्हणाली, "मर्ल, मला सगळी झाडं सारखीच दिसतात."

दृष्टी. चष्मा करायला सांगायला हवा.

रात्री जेवणानंतर विचारणार. शेवटचं ठरलं. शेकोटी, ठिणग्या, सगळं जुळून येईल.

शनिवार, झोपण्यापूर्वी.

जीभ अजून जड आहे. लिहिता येतं म्हणून लिहितो.

शेजारच्या साइटवर ओपलबाई आहेत. ऐंशीच्या पुढच्या, जन्म इथलाच. त्यांनी आम्हाला शेकोटीला बोलावलं. गप्पा रंगल्या. तेवढ्यात ओंडक्यावरून ती आली. स्लग. केळ्याएवढी, केळ्यासारखी पिवळी, बिनशंखाची गोगलगाय, इथली नेहमीची. ओपलबाई म्हणाल्या, आमच्या लहानपणी जो हिला चाटायचा नाही त्याला आम्ही इथला मानायचोच नाही. ॲडेल म्हणाली, मी आठ वर्षांची असताना चाटलीय, जीभ बधिर होते. मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी कधीच चाटलेली नाही. माझ्या आईनं असले थेर करू दिले नाहीत. पण मुरलेला कॅम्पर म्हटल्यावर माघार कशी घेणार? मी म्हटलं, टोकाला जीभ लावणं हे पोराटोरांचं काम. आणि शेपटीपासून शिंगापर्यंत, अख्खी चाटली. स्लगला आवडलं नाही. मलाही नाही.

ओपलबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. सरळ होईपर्यंत तोंडात जीभ आहे की मोजा आहे ते कळेना.

परत येताना पायवाटेवर ॲडेल थांबली. टॉर्च विझवला. वर झाडांच्या फटीतून थोड्या चांदण्या दिसत होत्या. शांत होतं सगळं. माझा हात हातात घेऊन ती म्हणाली, "मर्ल, उद्या मला बहिणीला फोन करायचाय. त्याआधी तुला मला काही विचारायचंय का?"

मी तोंड उघडलं. थ-थ-ल्ल असं काहीतरी आलं. लाळ पण आली.

आता नुसती मान डोलावली असती तरी ती समजली असती, हे मला कळतंय. मी काही मूर्ख नाही. पण एवढं पाठ केलेलं भाषण टाकून नंदीबैलासारखी मान हलवायची? सहा वर्षं थांबून? छे. म्हणून मी ठामपणे मान आडवी हलवली आणि हातानं दाखवलं की उद्या. उद्या, म्हणजे बोट पुढं असं फिरवून.

ती थोडा वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. मग बरं म्हणाली, टॉर्च लावला आणि आपल्या तंबूत गेली. समजूतदार बाई आहे. लाखात एक.

उद्या समुद्र. झाडांचा नाद सोडला. समुद्रापुढे झाड म्हणजे काय, लाकूड.

रविवार, ११ ऑगस्ट. दुपार, गाडीत.

ॲडेल चालवतेय. मी ओला आहे.

सकाळी जीभ ठीक. नदीच्या मुखाशी आलो. धुकं, वाळू, वाहून आलेले ओंडके, पाण्यातून डोकी वर काढून सील माझ्याकडे टक लावून बघतायत. जागा नामी. ॲडेल म्हणाली, फोनला रेंज त्या टेकाडावर येते, मी चालले, येतोस बरोबर? मी म्हटलं, तू हो पुढं, मला इथं जरा काम आहे. मला भाषण एकदा चालवून बघायचं होतं. इतक्या दिवसांनी ऐनवेळी कुठं अडखळायला नको.

ती थांबली. म्हणजे खरंच उभी राहिली, वारा तोंडावर घेत. मग गेली.

मी एक चांगला ओंडका निवडला, त्यावर चढलो आणि सीलसमोर भाषण केलं. पहिल्यांदा बरं झालं. दुसऱ्यांदा अप्रतिम. तिसऱ्यांदा "ॲडेल, माझ्या आयुष्याच्या या वळणावर" इथवर आलो आणि मागून लाट आली. इथं लहानपणापासून शिकवतात, समुद्राकडे पाठ करू नको. मी पाठ केली नव्हती, फक्त सील दुसरीकडे सरकले म्हणून वळलो होतो. मी आणि ओंडका, दोघं वर वाळूत जाऊन पडलो. मी खाली, ओंडका शेजारी. नशीब.

डोळ्यांतली वाळू काढली तर समोर ॲडेल, धावत आलेली, पांढरीफटक. काही मोडलं का विचारायला लागली. आणि मी तिथंच बसल्या बसल्या, नाकातोंडात खारं पाणी, भाषणबिषण सगळं विसरून म्हटलं, "ॲडेल, माझ्याशी लग्न कर. जाऊ नकोस."

एवढंच आलं. एवढंच होतं बहुतेक.

ती माझ्यासमोर गुडघे टेकून बसली. माझ्या केसांतलं समुद्रशेवाळ काढलं. म्हणाली, मी आत्ताच बहिणीला हो सांगून आले. मी म्हटलं, मग परत चढू, परत फोन करू, मी येतो बरोबर. तिनं ते शेवाळ वाळूवर नीट ठेवलं. मग म्हणाली, "शुक्रवारी म्हटलं असतंस ना मर्ल, त्या मध्यम झाडाखाली. मी तिथं बसलेच त्यासाठी. आता लाटेनं ढकलल्यावर विचारणारा नवरा नको मला."

आणि रडली. मीही. सील बघत होते.

सोमवार, १२ ऑगस्ट. दुकान.

शांतपणे विचार केला. ती 'नाही' म्हणाली नाही. 'नको' म्हणाली, आणि तेही लाटेसंदर्भात. लाट वगळली तर परिस्थिती आशादायक आहे.

वसंत ऋतूत स्पोकेनला जाईन म्हणतो. तोपर्यंत नवीन भाषण. हवाही बरी असते तेव्हा. घाई करून काम बिघडतं हे आता सिद्ध झालंय.

लायल काठ्या घेऊन आला होता. त्याच्याच गॅरेजमध्ये होत्या. त्याच्याशी बोललो नाही.

बुधवार, २१ ऑगस्ट.

ॲडेल सकाळी दुकानात आली. उद्या पहाटे निघणार. गाडीला टायर हवेत म्हणाली, तिकडे बर्फ असतो.

मी पोऱ्याबिऱ्याला कोणाला हात लावू दिला नाही. दुकानातले सर्वांत चांगले चार काढले, स्वतः बसवले, चाकांचं बॅलन्सिंगही स्वतः केलं. पैसे घेतले नाहीत. ती देत होती, मी घेतले नाहीत.

मग तिला सगळं समजावून सांगितलं. थंडीत हवा कमी होते ती किती आणि केव्हा बघायची, घाट उतरताना ब्रेक कसा दाबायचा, गाडी घसरायला लागली तर स्टिअरिंग कुठं वळवायचं, पुढचे टायर मागे कधी करायचे. एकदाही अडखळलो नाही. पाठ केलेलं काही नव्हतं, तरी एकामागून एक येत गेलं. ती किल्ली हातात धरून सगळं ऐकत उभी होती. मध्ये एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

मग टायरांबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि ती गेली.