खड्डा आला की हात वर

रविवार, ९ मार्च

प्रिय ढमे,

खूप खूप आशीर्वाद. नवी नोकरी, नवी खोली, नवी साहेबीण, सगळं तुला मानवलं असेल असं धरून चालतो. आम्ही इकडे मजेत. तुझी वहिनी ऑफिसला जाते, परत येते, माझ्यावर ओरडते. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. टेबल डुगडुगतंय, त्यात पेनही दगा देतंय. बाजारभर पाट्या रंगवणाऱ्या पेंटरचं अक्षर असं कोंबडीच्या पायांसारखं, असं म्हणशील. म्हण. आणि मी फोन घेत नाही म्हणून फुगूनही बसू नकोस. वहिनी सांगते तसा कामात असतो.

बरं, खरी बातमी ऐक. आपला बुटका सापडला! डोक्यावर टोपली घेऊन टणाटण उड्या मारणारा, ज्याच्यापायी आपण दोघांनी अभ्यासाचे बारा वाजवले तो. शेजारच्या काकूंनी दिलेला व्हिडिओ गेमचा जुना डबा टीव्हीला जोडून खेळायचो, आठवतं? आता डबा नको, कॅसेट नको. वहिनीने लॅपटॉपवर ब्राउझर उघडला, खेळाचं नाव टाकलं, आणि तीच टिंगटिंग सुरू! माझा चेहरा बघून वहिनी म्हणाली, "माझ्याकडे कधी बघितलं नाही हो एवढ्या कौतुकाने."

बुटका मेला की रिमोट दुसऱ्याला द्यायचा, हा आपला कायदा. आणि तू! खड्डा आला रे आला की रिमोटसकट दोन्ही हात वर. हात वर नेले की तो जास्त उंच उडतो, अशी तुझी ठाम समजूत. तुला हसता हसता मलाही तीच खोड लागली. आई म्हणायची, "खेळताय की शरण येताय?"

हल्ली रोज सकाळी खेळतो. डावा हात बाणांवर, उजवा उडीच्या बटणावर. उजव्याला जरा वेळ लागतो. तो आधी डाव्याने उचलून तिथे ठेवावा लागतो.

लिहून बसलो खरा. आता पुढचं वाच, आणि उभी असशील तर खाली बस.

तू गेलीस त्याच आठवड्यात शिडीवर चढून एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होतो. हातातून ब्रश सुटला. खाली उतरून उचलायला गेलो तर हात ऐकेचना. तोंडही वाकडं झालं. दुकानदाराने मला तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वेळेत आणलं म्हणून वाचलो, असं डॉक्टर म्हणाले. आता चालतो, जेवतो, भांडतो. जीभ तेवढी अजून अडखळते, म्हणून फोन नाही. माझा एक 'हॅलो' ऐकून तू नोकरीवर लाथ मारून धावत आली असतीस. ओळखत नाही का मी तुला? वहिनीला मीच शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नकोस.

उजव्या हाताची बोटं तेवढी जेमतेम हलतात, बाकी हात मात्र नुसतं लाकूड. व्यायाम घ्यायला एक ताई येतात. "काका, खांद्यापासून उचला." मी घामाघूम, हात ढिम्म. खरं सांगू, ढमे? फार घाबरलो होतो. सरळ ओळीत देखणं अक्षर काढणं सोडलं तर मला दुसरं येतं काय? वहिनी ऑफिसला गेली की रडायचो.

परवा ताई बॅग भरत होत्या आणि मी खेळत होतो. हलत्या फळ्यांचा तो मोठा खड्डा आला. बुटका धावत सुटला, मी श्वास रोखून बटण दाबलं, आणि हात वर गेले. दोन्ही! उजवा छातीपर्यंत आला आणि धाडकन टेबलावर आपटला. बटण सुटल्यामुळे बुटका खड्ड्यात पडून मेला ते सोड. ताई बॅग टाकून धावत आल्या. "काका, हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "धाकट्या बहिणीने."

मुद्दाम उचल म्हटलं की तो अजून रुसतो, खड्डा दिसला की उठतो. ताईंनी आता खड्डेच खड्डे खेळायला सांगितलंय. काल ब्रश धरून बघितला. रेघ वेडीवाकडी आली, पण आली. पुन्हा पाटी जमेल की नाही, ते ताईही सांगत नाहीत.

नोकरी सोडून येशील तर दारातूनच परत पाठवीन. पण सुट्टी मिळाली की ये. एकट्याने खेळायला मजा नाही गं. मेलो की पुन्हा माझीच पाळी येते.

टेबल डुगडुगत नाही आणि पेनही नवं आहे. हे सगळं डाव्या हाताने लिहिलं. शेवटचा शब्द तेवढा उजव्याने काढतोय, वहिनीने कागद घट्ट धरलाय. हसायचं नाही.

तुझी वाट बघणारा,

दादा