न्हाणीघराची पाचर आणि नव्वद घोडे

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. (वाकून हे पत्रापुरतंच समज. प्रत्यक्षात माझी कंबर धरली आहे, ती कशाने ते पुढे येईलच.) तुझा ऑपरेशन झालेला डोळा कसा आहे? थेंब वेळेवर घालतेस ना, की दिसतंय की मला सगळं, म्हणून बाटली कपाटात ठेवून दिलीस? इकडे सगळे ठीक. मुलांच्या परीक्षा आटोपल्या, स्वयंपाकघरातला नळ एकदाचा गळायचा थांबला. फक्त न्हाणीघराचं दार तू गेल्यापासून दिवसभर धाडधाड आपटतं. त्याच्याखाली सारायची ती काळी रबराची पाचर कुठे नाहीशी झाली कोण जाणे. आम्ही सगळं घर पालथं घातलं, मुलांवर संशय घेतला, मुलांनी एकमेकांवर घेतला. असो.

तू विचारलं नाहीस, तरी गाडीचं सांगतो. तुला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा इंजिनाला सुपरचार्जर नुकताच बसवला होता. (सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जबरदस्तीने जास्त हवा कोंबतो, म्हणजे जास्त पेट्रोल जळतं आणि ताकद वाढते. लहानपणी तू मला नको नको म्हणत असताना भरवायचीस, तोच प्रकार.) वाटेत तू दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसली होतीस आणि उतरल्यावर एवढंच म्हणालीस, की रंग छान आहे. मी ते कौतुक समजलो! दुसऱ्या दिवशी चष्मा गाडीत राहिला म्हणून किल्ली मागून घेतलीस आणि एकटीच खाली जाऊन बराच वेळ आली नाहीस, तेव्हाही मला वाटलं, म्हातारीला गाडी आवडलेली दिसते.

तू गेलीस आणि ट्यूनरचं काम सुरू झालं. ट्यूनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला हवा, पेट्रोल आणि ठिणगी यांचा मेळ शिकवणारा माणूस. आमचा ट्यूनर चहा पितानाही लॅपटॉपवरची नजर काढत नाही, त्यामुळे त्याच्या प्रत्येक शर्टावर चहा आहे. त्याने तीनशे हॉर्सपॉवर कबूल केले. हे ऐकून तुझ्या सूनबाईने अट घातली. (तिचंही खरं आहे. मागच्या सीटवर मुलं गुडघे हनुवटीला लावून बसतात, आणि थोरला तर आता मावतच नाही.) रोलरवर तीनशे दाखवा, गाडी राहील, नाही दाखवलेत, तर ही विकायची आणि सात सीटांची घ्यायची. मी ऐटीत हो म्हटलं. आत्या, ही गाडी मी कशी उभी केली ते तुला माहीत आहे. सात सीटांच्या गाडीच्या नुसत्या विचाराने मला म्हातारपण आल्यासारखं झालं.

रोलर म्हणजे व्यायामशाळेतला पळायचा पट्टा, गाडीसाठीचा. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही आणि पडद्यावर ताकदीचा आकडा येतो. आकडा आला दोनशे दहा. नव्वद घोडे गैरहजर! ट्यूनरने लॅपटॉप झटकला (खरंच झटकला, थर्मामीटर झटकतात तसा) आणि पुन्हा दोनशे दहा.

मग शोध सुरू झाला. सुपरचार्जरचा दाब कमी येत होता, म्हणजे पट्टा घसरत असणार. पट्टा घट्ट केला, नवा घातला, फरक शून्य. मग हवा कुठेतरी गळत असणार. पाइपांत धूर सोडून बसलो. धूर कुठूनही बाहेर आला नाही, ट्यूनरच्या डोळ्यांतून मात्र पाणी आलं. मग पेट्रोलचा पंप पाहिला, प्लग बदलले, सायलेन्सर तुंबलाय का म्हणून तो उतरवून त्याच्या आत डोकावलो. (कंबर तिथेच गेली.) सगळं अगदी ठणठणीत! याच भानगडीत मी ऑफिसातून ट्यूनरला फोनवर म्हणत होतो, की दाब कमीच आहे, गळती काही सापडत नाही, आतून उघडून बघावं लागेल. आणि मागे साहेब उभे. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि मला आठवडाभर रजा देऊन टाकली. मी आढेवेढे घेतले नाहीत, कारण गॅरेजला जायला रजा हवीच होती.

शेवटच्या चाचणीला सूनबाई जातीने हजर राहिली. मी बॉनेटखाली टॉर्च धरून, ट्यूनर पट्ट्याला कान लावून, म्हणून अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल दाबायला तिलाच बसवलं. तिने एकदा दाबलं, दोनदा दाबलं आणि म्हणाली, "अहो, हे अर्ध्यातच अडतंय." आत्या, ती गप्प बसली असती तर सात सीटांची गाडी तिच्या खिशात होती! पण बोलली. खाली वाकून तिने मॅट उचलली. पॅडलच्या मागे आमची न्हाणीघराची पाचर, आणि तुझ्या डोळ्याच्या पट्टीला लावायची ती पांढरी चिकटपट्टी, आडवी-उभी, चांगले चार थर.

ट्यूनर मटकन खालीच बसला. झालं होतं असं, की पहिल्याच दिवशी त्याने मला पॅडल पूर्ण दाबायला सांगितलं होतं. मी अडेपर्यंत दाबलं, त्याने बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर शिकला की पूर्ण म्हणजे एवढंच. तेव्हापासून इंजिनाचं हवेचं दार उघडायचं अर्धंमुर्धं आणि पडद्यावर दिसायचं शंभर टक्के. लोक कामात पाचर मारतात असं ऐकलं होतं, आत्या, पण तू ती खरोखरची मारलीस, वर चिकटवलीस! पाचर काढून गाडीच्या खणात टाकली, कॉम्प्युटरला पुन्हा शिकवलं आणि आकडा आला तीनशे चार. मी उडीच मारली. (कंबर दुसऱ्यांदा तिथेच गेली.) सूनबाईने आकडा पाहिला, पर्स उचलली आणि बरं, राहू दे म्हणाली. गाडी राहिली! तेव्हा तुला हात जोडून सांगतो, पुन्हा माझ्या गाडीशी असले खेळ करू नकोस. मी आता लहान नाही.

डोळ्याला जप. घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग आणि ट्यूनरची माफी कशी मागायची ते तूच ठरव.

तुझा भाचा

ता. क. : येताना पुलाखालच्या वळणावर मी पॅडल पहिल्यांदाच खरोखर पूर्ण दाबलं. गाडी गरकन फिरली आणि आम्ही जिकडून आलो तिकडे तोंड करून उभे राहिलो. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून बरं. सूनबाई खिडकीबाहेर बघत राहिली. मी घाबरलो होतो, आत्या. मुलं मागे बसलेली असती तर, हेच डोक्यात येत राहिलं.

पुन्हा ता. क. : सकाळी कोणाला न सांगता चिकटपट्टी घेऊन खाली गेलो आणि मॅट उचलली. पाचर आधीच जागेवर होती. पट्टी तुझ्यापेक्षा नीट लावलेली, कडा कात्रीने कापलेल्या. मी मॅट होती तशी ठेवली आणि वर आलो. इतका वेळ कुठे होतात, असं सूनबाईने चहा देताना विचारलं. टायरची हवा बघत होतो म्हटलं. बरं केलंत, म्हणाली.

शेवटचं : ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं तेच राहिलं. न्हाणीघराचं दार अजून आपटतंय. तुझ्याकडच्या दुकानात मिळाली तर एक नवी पाचर पाठव. जुनी कामावर आहे.