चार आकडे

१२ फेब्रुवारी

चिरंजीव विसरभोळ्यास,

आजीचे आशीर्वाद. कोण आजी, म्हणशील. तुझ्या बापाची आई. नाक तुझ्यासारखंच, फक्त तुझ्याआधीचं.

मी सांगतेय, शेजारच्या शिक्षिकाबाई लिहिताहेत. माझं बोलणं सुधारायचं नाही, असं त्यांना बजावलंय.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बापाचा गुडघा कुरकुरतो, बाप नाही. धक्क्यावर आता लिलावाची ओरड ऐकू येत नाही. मासळी काट्यावर चढली की काटेवाला मशीनमध्ये वजन घालतो आणि होडीच्या नावे दिलेल्या फोनवर चार आकडे जातात. ते सांगितले तरच विक्री, असा सरकारी नियम. होडी माझ्या नावावर, पण तेव्हा घरात फोन तुझाच होता. तू नोकरीला तिकडे अंजिरांच्या मुलखात गेलास, आकडेही तुझ्या मागे गेले. आम्ही रोज फोन लावायचा आणि तू म्हणायचंस, "सात, शून्य, दोन, नऊ. ठेवतो."

तेवढ्यावरून मला कळतं, सर्दी झालीय का, जेवलास का, कुणाशी भांडलास का.

परवा तू फोन उचलला नाहीस. कामात असशील. टोपल्या उन्हात राहिल्या, बर्फ वितळला आणि दुपारी सगळी मासळी खताच्या गाडीत गेली. तुझा बाप रिकाम्या टोपल्या धूत बसला. म्हटलं, "अरे, चिड तरी!" तर म्हणाला, "आई, नंबर बदलणारा साहेब अजून रजेवरच आहे का गं?"

बाईंनी पेन थांबवलंय. लिहा हो बाई.

साहेब कधीच रजेवर नव्हता. चार महिने रजा कुणाला मिळते? पण तुझा बाप भोळा, आईवर विश्वास ठेवतो. नंबर बदलायला माझा अंगठा हवा होता, मीच दिला नाही. आकडे घरी आले तर तुला फोन करायला मला निमित्त कुठलं? तुझा आवाज ऐकायच्या हावेपायी माझ्या लेकाची अख्खी रात्रीची मेहनत मी खतात घातली. त्याला काल सांगितलं. त्यानं माझ्यासाठी चहा टाकला.

आज अंगठा देऊन आले. आता आकडे त्याच्याकडे येतील. तू सुटलास.

तुझी,
आता कामाशिवाय उरलेली आजी

ता. क. अंजिरं पाठव, चांगली पिकलेली. टपालानं नको, वाटेत नासतात. कुणीतरी हातानंच आणावी लागतील.