पुराव्याचे कुलूप

स्वस्ति श्री सकलसिग्नलसंपन्न, अखंडितरेंजविभूषित, थोरल्या कंपनीचे एकनिष्ठ उपासक, अस्मादिकांच्या मेहुणीचे प्राणनाथ साडूभाऊ यांचे चरणी (चरण धुतलेले असतील असे गृहीत धरून) स्क्रूड्रायव्हरधारी फोनदुरुस्तीकाराचा दंडवत. आपली पाठ कशी आहे? आमची भिंतीला लागली आहे.

आपणांस विदितच आहे, की थोरली कंपनी फोन विकताना त्यास अदृश्य कुलूप घालते. आत धाकट्या कंपनीचे सिम सरकवले की यंत्र तोंड फिरवते (व्याही दारात दिसले की आपण फिरवता तसे). हे कुलूप काढणे हा माझा अठरा वर्षांचा चरितार्थ. तो अपराध ठरवावा, असा अर्ज थोरलीने स्पर्धा आयोगापुढे केला आहे. तो मान्य झाल्यास माझ्या शटरला लागणारे कुलूप मलाही निघायचे नाही.

काल सुनावणी झाली. आमचा एकमेव पुरावा म्हणजे गल्लीतल्या, बाळंतपणे करणाऱ्या नर्सबाईंचा फोन. त्यांच्या घरी थोरलीची रेंज शून्य, धाकटीची भरपूर, परिणामी गेल्या महिन्यात एका बाळंतिणीचे सात कॉल पोहोचलेच नाहीत (बाळ सुखरूप आहे, जिन्यात जन्मले). आयोगापुढे त्या फोनमध्ये (नंबर तोच ठेवून घेतलेले) धाकटीचे सिम घालायचे आणि यंत्राचा उद्दाम नकार दाखवायचा, एवढीच योजना. अध्यक्षबाईंनी स्वहस्ते सिम घातले. आणि साडूभाऊ, पडद्यावर चार दांड्या उगवल्या! इतकेच नव्हे, तर फोन वाजला. नर्सबाईंनी तो झडप घालून उचलला, "कळा किती मिनिटांनी येताहेत? निजून राहा, आलेच!" म्हणाल्या, आणि आमची एकमेव साक्षीदार पुराव्यासकट दाराबाहेर गेली.

थोरलीचे वकील मधुर हसले. "कुलूप कुठंय हो?"

तेव्हा मला आठवले. आदल्या संध्याकाळी पुरावा नीट पुसावा म्हणून मी तो दुकानाच्या टेबलावर घेतला होता. टेबलावर आलेला फोन गप्पांच्या ओघात माझ्या हातून उघडून जातो. हाताला कळते, डोक्याला नाही. आता गप्प राहावे तर कुलूप नव्हतेच असे ठरते. बोलावे तर ज्यास अपराध म्हणतात तो भर आयोगात केल्याची कबुली. शेवटी म्हणालो, "कुलूप होतं, बाई. हाताची सवय." वकिलांनी ते वाक्य जपून लिहून घेतले. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि सोमवारपर्यंत मुदत दिली: कोणीही हात न लावलेला, कुलूपबंद फोन आणा, नपेक्षा निकाल आहे त्या पुराव्यावर.

आपणांकडे मागणे काहीच नाही. केवळ क्षेमसमाचार कळवावा म्हणून हा पत्रप्रपंच.

ता.क. पंचक्रोशीत कुलूपबंद फोन उरलेला नाही. सारे मीच उघडले. अखिल नातलगांत एक आपलाच शिल्लक आहे, जो आपण अकरा वेळा अपमान करून मला हाती धरू दिला नाहीत. त्या अपमानांबद्दल कृतज्ञ आहे. रविवारपर्यंत फोन पाठवावा.

ता.क. २. दुकानात पाठवू नये. ही म्हणते, "भावजींचा फोन माझ्या हातात द्या. सोमवारी मीच नेईन. तुम्ही खिशात हात घालून मागून या."

ता.क. ३. आयोगाच्या पूर्वद्वारी रखवालदाराने माझा बारीक स्क्रूड्रायव्हर काढून घेऊन टोकन दिले. वस्तू पश्चिमद्वारी परत मिळतात. तिथला रखवालदार म्हणतो, "पूर्वेचं टोकन इथं चालत नाही."